दुकानाला दोन कुलुपे, पण वायफायचा दरवाजा सताड उघडा!

रात्री दुकान वाढवताना आपण शटर ओढतो, दोन्ही बाजूंची कुलुपे लावतो, ती हिसका देऊन तपासतो आणि मगच किल्ल्या खिशात टाकतो. गल्ल्यातील रोकड मोजून झालेली असते. उधारीची वही, म्हणजे आजकाल संगणकातील हिशेब, बंद केलेला असतो. मात्र आत कोपऱ्यात, भिंतीवर खिळ्याला टांगलेल्या वायफायच्या डबीचे दिवे रात्रभर लुकलुकत असतात. तिच्या लहरींना शटर आणि कुलूप कळत नाही. त्या रस्त्यापर्यंत जातात, समोरच्या हॉटेलात जातात, वरच्या मजल्यावरील भाडेकरूच्या खोलीतही पोहोचतात.

त्या लहरींवर आज आपला जवळपास सगळा धंदा चालतो. बिलाचा संगणक, ग्राहकांचे मोबाइल क्रमांक, जीएसटीची कागदपत्रे, कॅमेऱ्यांचे चित्रण, कार्ड स्वीकारण्याचे यंत्र या सर्वांना तीच जोडणी लागते. भरतकामाच्या कारखान्यात तर संगणकीकृत मशीनवर चालणाऱ्या डिझाइनच्या फायलीही याच वाटेने इकडून तिकडे जातात. एक डिझाइन बसवायला कारागिराचे दिवसच्या दिवस जातात. फाइल चोरायला मात्र काही सेकंद पुरतात, आणि चोरी झाल्यावर मूळ फाइल जागेवरच असल्याने मालकाला पत्ताही लागत नाही. समोरच्या गाळ्यात तोच नमुना कमी दरात विकायला लागलेला दिसला, म्हणजे कळते.

हा दरवाजा कसा बंद करावा, त्याची किल्ली कोणाला द्यावी आणि परत कशी घ्यावी, याबद्दल आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांसाठी ही माहिती देत आहोत.

प्रश्न फुकट इंटरनेटचा नाही

"शेजाऱ्याने थोडे इंटरनेट वापरले तर आपले काय जाते?" असे अनेक जण म्हणतात. काय जाते, हे २००८ साली मुंबईने पाहिले आहे.

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी प्रसारमाध्यमांना धमकीचा ईमेल आला होता. तो नवी मुंबईत राहणाऱ्या एका अमेरिकन नागरिकाच्या घरातील वायफाय जोडणीवरून गेल्याचे तपासात निघाले. त्या जोडणीचा कोणीतरी परस्पर वापर केला होता. त्या गृहस्थाला मात्र चौकशीला सामोरे जावे लागले. पुढच्याच महिन्यात तसाच ईमेल माटुंग्याच्या एका महाविद्यालयाच्या जोडणीवरून गेला. १३ सप्टेंबर २००८ च्या दिल्लीतील स्फोटांच्या वेळचा ईमेल चेंबूरमधील एका खासगी कंपनीच्या वायफायवरून गेला. यानंतर जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी लॅपटॉप घेऊन शहरात उघडी वायफाय जाळी शोधण्याची मोहीम हाती घेतली. फेब्रुवारी २००९ मध्ये केंद्राच्या दूरसंचार विभागाने इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांना वायफाय सुरक्षित करण्याबाबत सूचना काढल्या.

यातून व्यापाऱ्याने घ्यायचा बोध साधा आहे. इंटरनेटवरून काही गैर घडले तर पोलीस प्रथम त्या जोडणीचा पत्ता शोधतात, आणि तो पत्ता आपल्या दुकानाचा असतो. "ते मी केले नाही" हे खरे असले तरी सांगत बसावे लागते. त्या धावपळीत धंद्याचे दिवस बुडतात आणि नावाला बट्टा लागतो तो वेगळाच.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील. टीजेएक्स ही कपड्यांच्या दुकानांची मोठी कंपनी आहे. २००५ पासून चोरट्यांनी तिच्या दुकानाच्या कमकुवत वायफायमधून आत शिरून, पुढे थेट मुख्य संगणकांपर्यंत मजल मारली. जानेवारी २००७ मध्ये ही चोरी जाहीर झाली. किमान ४ कोटी ५७ लाख कार्डांची माहिती चोरीला गेली होती. टोळीच्या सूत्रधाराला २०१० मध्ये वीस वर्षांची शिक्षा झाली. एवढ्या मोठ्या कंपनीची तिजोरी फोडायला चोरट्यांना भिंत पाडावी लागली नाही. एका दुकानातील जुनाट कुलूप पुरेसे झाले.

कुलुपाच्या चार पिढ्या

ते जुनाट कुलूप म्हणजे डब्ल्यूईपी. वायफायचे पहिले मानक १९९७ साली आले, त्याच्याबरोबर हे कुलूप आले. २००१ मध्ये संशोधकांनी त्यातील मूलभूत दोष दाखवून दिला. २००७ मध्ये तर जर्मनीतील संशोधकांनी ते एका मिनिटाच्या आत उघडून दाखवले. २००३ साली तात्पुरती डागडुजी म्हणून डब्ल्यूपीए आले, २००४ साली अधिक भक्कम असे डब्ल्यूपीए-२ आले आणि २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-३ जाहीर झाले. १ जुलै २०२० पासून वाय-फाय अलायन्सचे प्रमाणपत्र घेणाऱ्या नव्या उपकरणांना डब्ल्यूपीए-३ बंधनकारक आहे.

आपल्या राउटरच्या सेटिंगमध्ये सुरक्षेचा पर्याय असतो. तेथे डब्ल्यूईपी किंवा पहिल्या पिढीचे डब्ल्यूपीए दिसले तर ते आजच बदलावे. राउटरमध्ये त्याहून वरचा पर्यायच नसेल, तर तो राउटर भंगारवाल्याला द्यावा. तो वाचवून होणारी बचत ही बचत नव्हे. डब्ल्यूपीए-३ असेल तर उत्तमच. काही मोबाइल किंवा यंत्रे जुनी असतील, तर डब्ल्यूपीए-२ आणि ३ एकत्र चालणारा पर्याय निवडावा. केवळ डब्ल्यूपीए-२ असेल तरी काम चालते, पण मग पासवर्ड मजबूत हवा.

मोबाइल नंबर हा पासवर्ड नव्हे

आपल्या बाजारात वायफायचा पासवर्ड म्हणून मालकाचा मोबाइल नंबर ठेवण्याची सवय फार आहे. लक्षात राहायला सोपा, सांगायला सोपा. पण हा नंबर दुकानाच्या पाटीवर, बिलावर आणि पिशवीवर छापलेला असतो! म्हणजे कुलूप लावून किल्ली दारावरच टांगण्याचा प्रकार झाला.

समजा, नंबर कोणाला माहीत नाही. तरी हिशेब करून पाहा. डब्ल्यूपीए-२ मध्ये एखादा मोबाइल वायफायला जोडला जातो, त्या क्षणीची देवाणघेवाण बाहेर उभा असलेला माणूस टिपून घेऊ शकतो. मग घरी बसून तो संगणकाकडून एकामागून एक पासवर्ड लावून पाहतो. आपल्याला त्याची चाहूलही लागत नाही. आपल्याकडील मोबाइल नंबर दहा आकडी असून ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो. म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. हा आकडा मोठा वाटतो, पण आजचे चांगले ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाखांहून अधिक पासवर्ड तपासते. ४०० कोटींना दहा लाखांनी भागले की ४,००० सेकंद येतात. म्हणजे तास-सव्वातासाचे काम. आठ आकडी नंबर असेल तर दोन मिनिटेही लागत नाहीत.

म्हणून पासवर्ड लांब ठेवावा. एकमेकांशी संबंध नसलेले पाच शब्द रोमन अक्षरांत सलग लिहिले, मध्ये एखादा आकडा टाकला, तर तो लक्षातही राहतो आणि संगणकालाही दमवतो. दुकानाचे नाव, मुलाचे नाव, गाडीचा नंबर, सलग आकडे हे कटाक्षाने टाळावे. डब्ल्यूपीए-३ मध्ये अशी घरी बसून तपासणी करता येत नाही. प्रत्येक प्रयत्न राउटरसमोर येऊनच करावा लागतो. हा त्याचा मोठा फायदा आहे.

राउटरचे दोन पासवर्ड असतात, हेही अनेकांना ठाऊक नसते. एक वायफाय जोडण्याचा, दुसरा राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा. हा दुसरा पासवर्ड बहुधा कारखान्यातून आला तसाच राहतो. कॅमेऱ्यांच्या यंत्राचेही तेच. २०१६ साली 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रामने अशाच न बदललेल्या पासवर्डांची यादी वापरून जगभरचे असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. जोडणी करून देणारा मुलगा गेला, की त्याच दिवशी हे पासवर्ड आपण स्वतः बदलावेत.

या समजुती सोडाव्यात

पहिली समजूत: वायफायचे नाव लपवले की झाले. तसे नाही. लपवलेले नाव साध्या सॉफ्टवेअरने दिसते, कारण आपलाच मोबाइल जोडला जाताना ते उच्चारतो.

दुसरी: ठरावीक यंत्रांचे क्रमांक, म्हणजे मॅक पत्ते, नोंदवून बाकीच्यांना बंदी घालावी. हे पत्ते हवेत उघडे फिरतात आणि त्यांची नक्कल सहज करता येते. शिवाय अँड्रॉइड १० आणि आयफोनच्या आयओएस १४ पासून मोबाइल स्वतःच बदललेला पत्ता सांगतात. त्यामुळे चोर अडत नाही, आपलाच माणूस अडतो.

तिसरी: बटण दाबून किंवा आठ आकडी पिन टाकून जोडण्याची डब्ल्यूपीएस सोय चांगली. यातील पिनचा दोष डिसेंबर २०११ मध्ये उघड झाला. आठ आकड्यांतील शेवटचा केवळ पडताळणीचा असतो आणि राउटर उरलेल्यांची तपासणी दोन तुकड्यांत करतो. त्यामुळे कोट्यवधी शक्यता उरत नाहीत. फार तर ११,००० प्रयत्नांत पिन सापडतो. ही सोय बंदच ठेवावी.

पाहुण्यांची खोली वेगळी

घरी पाहुणा आला तर आपण त्याला बैठकीत बसवतो, तिजोरीच्या खोलीत नव्हे. वायफायचाही हाच नियम. ग्राहकाला वायफाय द्यायचे असेल तर जरूर द्यावे, पण वेगळ्या नावाचे, वेगळ्या पासवर्डचे. बहुतेक राउटरमध्ये पाहुण्यांच्या जाळ्याची सोय असते. ती चालू करताना दोन गोष्टी पाहाव्यात. पाहुण्याला आतील संगणक, प्रिंटर, कॅमेरे दिसू नयेत, आणि एका पाहुण्याला दुसऱ्याचा मोबाइलही दिसू नये.

दुकान किंवा कारखाना थोडा मोठा असेल तर निदान चार कप्पे करावेत: बिल आणि हिशेबाचे संगणक, कॅमेरे, कामगारांचे मोबाइल आणि पाहुणे. भरतकामाची किंवा अन्य संगणकीकृत यंत्रे असतील तर त्यांचा पाचवा. एकाच तारेवर आणि एकाच डबीवर असे कप्पे पाडण्याच्या पद्धतीला व्हीलॅन म्हणतात. तंत्रज्ञाला हा शब्द सांगितला की त्याला काम कळते. मग कॅमेऱ्यातून कोणी शिरला तरी तो कॅमेऱ्याच्याच कप्प्यात अडकतो, हिशेबाच्या संगणकापर्यंत पोहोचत नाही. टीजेएक्सच्या चोरांना जी मोकळी वाट मिळाली, ती अशा भिंतींनी बंद होते.

मोठ्या कारखान्यात प्रत्येकाला स्वतःची किल्ली

वरील उपाय चार-पाच माणसांच्या दुकानाला पुरेसे आहेत. पण जेथे वीस-तीस किंवा अधिक माणसे काम करतात, तेथे एकच पासवर्ड सर्वांना सांगणे म्हणजे एका कुलपाच्या तीस किल्ल्या वाटणे होय. एक कारागीर काम सोडून गेला, की पासवर्ड बदलावा लागतो आणि मग उरलेल्या एकोणतीस जणांच्या मोबाइलमध्ये तो पुन्हा टाकावा लागतो. हा त्रास नको म्हणून कोणी बदलत नाही. वर्षानुवर्षे तोच पासवर्ड राहतो आणि सोडून गेलेला माणूस रस्त्यावर उभा राहूनही आपल्या जाळ्यात असतो.

यावर डब्ल्यूपीए-२ किंवा ३ चा 'एंटरप्राइज' प्रकार हा उपाय आहे. त्याचे काम समजायला एखाद्या जुन्या पेढीचे उदाहरण घेऊ. दारावर चौकीदार उभा आहे, पण आत कोणाला सोडायचे हे तो ठरवत नाही. आलेल्या माणसाचे नाव तो आत मुनीमजींना विचारतो. मुनीमजी वही उघडतात, ओळख पटवतात आणि सांगतात, "याला सोड, पण फक्त गोदामात. हिशेबाच्या खोलीत नाही." आणि वेळ वहीत लिहून ठेवतात.

येथे चौकीदार म्हणजे भिंतीवरची वायफायची डबी, मुनीमजी म्हणजे रेडियस सर्व्हर आणि विचारपूस करण्याचा कायदा म्हणजे ८०२.१एक्स हे मानक. प्रत्येक माणसाला स्वतःचे नाव आणि स्वतःचा पासवर्ड मिळतो. प्रत्येकाच्या संभाषणाची गुप्त किल्लीही वेगळी तयार होते. कारागीर सोडून गेला, की वहीतून त्याचे एकट्याचे नाव काढायचे. बाकी कोणाला धक्का लागत नाही. मुनीमजी माणूस ओळखून त्याला योग्य कप्प्यात पाठवतात, त्यामुळे व्यवस्थापक हिशेबाच्या कप्प्यात जातो आणि कामगार इंटरनेटच्या. कोण केव्हा आत आला याची नोंद राहते. २००८ सारखा प्रसंग आलाच, तर ही नोंद मालकाच्या बाजूने साक्ष देते.

यासाठी फार मोठा खर्च लागतो असे नाही. फ्रीरेडियस हे सॉफ्टवेअर विनामूल्य असून साध्या संगणकावर लिनक्स टाकून चालवता येते. विंडोज सर्व्हर आधीच असेल तर त्यात एनपीएस नावाची ही सोय येते. फक्त राउटर किंवा अॅक्सेस पॉइंट घेताना त्यात 'एंटरप्राइज' प्रकार आहे की नाही, हे खोक्यावर वाचून घ्यावे. घरगुती स्वस्त राउटरमध्ये तो अनेकदा नसतो.

येथे चूक होते

या व्यवस्थेत सर्वात मोठी चूक प्रमाणपत्राच्या बाबतीत होते. आपल्या माणसाने मुनीमजींना नाव सांगण्यापूर्वी, समोरचे मुनीमजी खरे आहेत की तोतया, हे पाहायला हवे. चोर आपल्याच वायफायच्या नावाची डबी घेऊन बाहेर बसला, तर मोबाइल तिला जोडला जाऊन नाव आणि पासवर्ड देऊन बसतो. खऱ्या सर्व्हरची ओळख म्हणजे त्याचे प्रमाणपत्र. जोडणी करताना मोबाइल विचारतो, "प्रमाणपत्र तपासायचे का?" घाईत 'तपासू नका' निवडले, की सगळी मेहनत पाण्यात जाते. तंत्रज्ञाला हे स्पष्ट बजावावे.

हिशेब आणि डिझाइनच्या संगणकांसाठी त्याहून भक्कम पद्धत आहे. ईएपी-टीएलएस या पद्धतीत पासवर्डच नसतो. संगणकातच त्याचे स्वतःचे प्रमाणपत्र बसवलेले असते. पासवर्ड नसल्याने तो कोणाला सांगताही येत नाही आणि फसवून काढूनही घेता येत नाही. संगणक हरवला तर त्याचे प्रमाणपत्र रद्द करावे.

आणखी तीन गोष्टी. प्रमाणपत्राला मुदत असते. ती संपली की एका सकाळी सगळे बाहेर राहतात, म्हणून तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. चौकीदार आणि मुनीमजी यांच्यातही एक गुप्त शब्द असतो, तो लांब आणि प्रत्येक डबीसाठी वेगळा ठेवावा. आणि सर्व्हर बंद पडला तर नवा माणूस जोडला जाणार नाही, म्हणून दुसरा सर्व्हर तयार ठेवावा, निदान बिलाचा मुख्य संगणक तारेने जोडलेला असावा. मुळात जे यंत्र जागचे हलत नाही, त्याला वायफायपेक्षा तार केव्हाही बरी.

किल्ली कोणाच्या हातात?

आपल्याकडे एक सवय अशी की, सर्व पासवर्ड जोडणी करून देणाऱ्या मुलालाच माहीत असतात. मालकाला विचारले तर "तो पाहतो ते" असे उत्तर मिळते. उद्या त्या मुलाशी पैशावरून बिनसले तर काय? घराची किल्ली सुताराकडे ठेवून कोणी झोपत नाही. सर्व पासवर्ड एका कागदावर लिहून, पाकिटात घालून तिजोरीत ठेवावेत. राउटरचे नवे सॉफ्टवेअर दर तीन महिन्यांनी आले का ते पाहावे आणि टाकून घ्यावे. २०१७ साली डब्ल्यूपीए-२ मधील 'क्रॅक' हा दोष बेल्जियमच्या संशोधकाने उघड केला. तेव्हा ज्यांनी सॉफ्टवेअर नवे केले ते वाचले. ज्यांनी केले नाही त्यांची दारे उघडीच राहिली.

ग्राहकाचा नंबर, पत्ता, खरेदीचा तपशील ही त्याने विश्वासाने आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. कायद्यानेही आता तिची दखल घेतली आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, योग्य सुरक्षा न ठेवल्याने माहिती फुटल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सायबर हल्ला झाल्यास सहा तासांत कळवावे, असे निर्देश 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये काढले आहेत. पैशांची ऑनलाइन फसवणूक झाली तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. लवकर कळवले तर पैसे वाटेतच अडवता येण्याची शक्यता असते.

सुट्टीच्या दिवसाचे काम

मालेगावात शुक्रवारी यंत्रमाग बंद असतात, अन्य बाजारांची सुट्टी वेगळ्या दिवशी असते. येत्या सुट्टीला तासभर काढावा. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन कुलूप कोणत्या पिढीचे आहे ते पाहावे. दोन्ही पासवर्ड बदलावेत. डब्ल्यूपीएस बंद करावे. पाहुण्यांचे जाळे वेगळे करावे. आत्ता कोणकोणती यंत्रे जोडलेली आहेत ती यादी उघडून, एकेक नाव ओळखून पाहावे. अनोळखी नाव दिसले तर तोच माणूस आपल्या दुकानात इतके दिवस विनापरवाना बसलेला आहे, असे समजावे.

मग मोबाइल हातात घेऊन बाहेर रस्त्यावर यावे आणि आपले वायफाय कुठपर्यंत पोहोचते ते चालत जाऊन पाहावे. जेथपर्यंत ते दिसते, तेथपर्यंत आपल्या दुकानाचे दार आहे. शटरची कुलुपे आपण रोज रात्री हिसका देऊन तपासतो. हे दार निदान तीन महिन्यांतून एकदा तरी तपासावे.